संसारात राहून आत्मशोध: बहिणाबाई शिऊरकर

बहिणाबाई शिऊरकर (१६२८–१७००) ही तुकोबांची शिष्या आणि आपल्या आयुष्याची हकीकत आपणच अभंगांत सांगणारी मराठीतली पहिली स्त्री. तिच्या आयुष्यातला धर्मविचाराच्या दृष्टीने सर्वांत अवघड भाग मात्र तिच्या तरुणपणीच, विशीच्या आगेमागे, घडून गेला. प्रश्न असा होता: लग्न झालेल्या बाईच्या आत्म्यावर अधिकार कोणाचा? धर्मशास्त्राचे उत्तर पक्के होते. पती हाच देव, तोच गुरू आणि त्याची सेवा हीच मुक्ती. भागवत धर्माचे उत्तरही तितकेच पक्के होते. विठ्ठलाच्या दारात जात, कुळ, बाईपण यांपैकी कशाचाही हिशेब मांडला जात नाही. दोन्ही उत्तरे एकाच घरात एकाच मुलीच्या वाट्याला आली तर तिचे काय होते, हे बहिणाबाईच्या आत्मनिवेदनात वाचायला मिळते. (खानदेशातल्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरी, १८८०–१९५१, या वेगळ्या. नावामुळे दोघींची गल्लत नेहमीच होते.)

हा प्रश्न तिच्याआधी कुणा स्त्रीपुढे आलाच नव्हता असे नाही. गोदावरीकाठच्या गंगाखेडची जनाबाई होती. बाराव्या शतकात बसवकल्याणला शरणांच्या मेळ्यात येऊन अल्लमप्रभूंच्या प्रश्नांना उत्तरे देणारी अक्कमहादेवी होती. चक्रधरस्वामींना सतत शंका विचारणारी, ‘धवळे’ रचणारी महदाइसा तेराव्या शतकातली. या साऱ्याजणींचा आत्मशोध मोठा आहे, पण त्यांची एक बाजू सहसा कुणी बोलून दाखवत नाही. त्यांच्यापैकी कुणालाही नवऱ्याच्या घरात राहून तो करावा लागला नाही. अक्कमहादेवी घर सोडून निघाली, महदाइसा तरुणपणीच विधवा झालेली, जनाबाई नामदेवांच्या घरची दासी, मुक्ताबाई अविवाहित. मंगळवेढ्याच्या कान्होपात्रेने संसार पाहिलाच नाही. सोयराबाई संसारी होती खरी, पण तिचा नवरा चोखामेळा स्वतःच त्या वाटेवरचा. नवरा विरोधात उभा आहे, त्याला सोडायचे नाही, आणि आतून आलेली हाकही नाकारायची नाही, अशा कोंडीत सापडलेली बहिणाबाई जवळजवळ एकटीच आहे. म्हणून तिची कथा बंडाच्या किंवा शरणागतीच्या तयार चौकटीत बसत नाही.

तिचा जन्म शके १५५० मधला, वेरुळजवळच्या देवगावचा. आजचे देवगाव रंगारी ते हेच. वडील आऊजी कुलकर्णी, आई जानकी. मुलगी दोन वर्षांची होते न होते तोच १६३०–३२ चा दुष्काळ दख्खनवर कोसळला. तुकोबांची पहिली बायको ज्यात गेली तो हाच दुष्काळ. त्याच वर्षांत निजामशाही मोडत होती आणि मुघल फौजा मराठवाड्यातला एकेक किल्ला घेत पुढे सरकत होत्या. १६३१ मध्ये कंधार पडले, १६३३ मध्ये देवगावपासून फार दूर नसलेले दौलताबाद, १६३६ मध्ये उदगीर आणि औसा. सत्ता बदलली की वसुली बदलते, आणि त्या ओझ्याखाली कुलकर्ण्यासारख्या गावकामगाराचे घर सर्वांत आधी वाकते, कारण रयत आणि सरकार यांच्यामध्ये तोच उभा असतो. बहिणाबाईच्या आत्मनिवेदनात राजकारणाला फारशी जागा नाही. भाऊबंदकी, कर्ज, आणि रात्रीच्या वेळी सोडलेले गाव एवढेच तिथे येते. हे असेच असणार. मोठी उलथापालथ सामान्य घरात शिरते ती सावकाराच्या आणि भाऊबंदांच्या रूपाने.

तेव्हा तिचे लग्न होऊन गेलेले होते. नवरा शिऊरचा रत्नाकर पाठक, नात्यातला, बिजवर, वयाने तिशीचा, वेदविद्या आणि ज्योतिष जाणणारा. लग्नाच्या वेळी ती अवघी तीन वर्षांची. सासऱ्याच्या अडचणीच्या काळात हाच जावई मदतीला धावला आणि सगळे कुटुंब घेऊन निघाला. पुढे जे घडले ते वाचताना ही गोष्ट विसरून चालणार नाही, कारण रत्नाकर हा या कथेतला खलपुरुष म्हणून उभा केला की कथा सोपी होते आणि खोटीही. पंढरपूर, शिखर शिंगणापूर, मग रहिमतपूर. वाटेत भिक्षा मागून पोट भरायचे. मुलगी अकरा वर्षांची झाली तेव्हा मंडळी कोल्हापुरात येऊन टेकली आणि एका वैदिक ब्राह्मणाच्या वाड्यात त्यांना आसरा मिळाला.

कोल्हापूर हे क्षेत्र. तिथे पुराण, प्रवचन, कीर्तन रोजचेच. जयरामस्वामी वडगावकर यांच्या कीर्तनात तुकोबांचे अभंग गायले जात आणि ते या मुलीच्या कानी पडले. शिऊरच्या घरात नांदणाऱ्या सुनेला देहूच्या वाण्याचे अभंग इतक्या लवकर कानी आले असते का, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. घर उखडले नसते तर बहुधा नाही. दुष्काळ आणि कर्ज यांनी तिला जे दिले त्यात हेही आले.

यजमानाला कुणीतरी एक काळी गाय दान दिली होती. तिला काळेच वासरू. ती जोडी पुढे रत्नाकरच्या घरी आली. वासराला बहिणाचा लळा लागला. तिच्या हातूनच ते चारा खाई, तिच्यामागून पाण्याला जाई, ती पुराणाला गेली की तेही जाऊन उभे राही. एका एकादशीला जयरामस्वामींच्या कीर्तनाला दाटी झाली, तेव्हा लोकांनी वासराला बाहेर काढले. ते ओरडू लागले, इकडे मुलगी रडू लागली. स्वामींनी चौकशी केली, वासरू आत आणवले, आणि मुलीच्या आणि वासराच्या, दोघांच्याही डोक्यावरून हात फिरवला. एवढेच घडले. गावात मात्र चर्चा सुरू झाली आणि ती तिखटमीठ लावून रत्नाकरच्या कानावर गेली. चारचौघांत परपुरुषाने बायकोच्या डोक्याला हात लावला, लोक तिच्याविषयी बोलतात, एवढे पुरे झाले. त्याने तिला मारले, बांधून ठेवले. आत्मनिवेदनात हा मार ती लपवत नाही आणि त्याचे भांडवलही करत नाही. ज्या स्वरात वासराचे वर्णन येते, त्याच स्वरात हेही येते.

तिला बांधलेले पाहून गाय-वासरांनी चारापाणी सोडले, असे ती सांगते. काही दिवसांत वासरू मेले. मरताना त्याने, मुक्याला वाचा देणाऱ्या कृपेविषयीच्या श्लोकाचा उत्तरार्ध उच्चारला, अशीही नोंद आहे. आजच्या वाचकाला हा चमत्कार खटकेल. पण त्या श्लोकाची निवड पाहण्यासारखी आहे. ज्या घरात मुलीच्या बोलण्याला काडीची किंमत नाही, तिथे पहिला बोलतो तो मुका प्राणी. त्याच्यानंतर ती स्वतः. वासराच्या मागोमाग बहिणा बेशुद्ध होऊन पडली. त्या अवस्थेत तिला तुकोबा दिसले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला, मंत्र दिला. कार्तिक वद्य पंचमी, रविवार, असा दिवसही ती नोंदवून ठेवते.

धर्मविचाराच्या दृष्टीने हा क्षण निर्णायक आहे. शास्त्राच्या चौकटीत गुरू करायचा तर पतीची संमती हवी, गुरू सवर्ण हवा, दीक्षा विधिपूर्वक हवी. इथे यांतले काहीच नव्हते. तुकोबांना तिने प्रत्यक्ष पाहिलेलेही नव्हते. पुरावा एकच, तिचा स्वतःचा अनुभव, आणि त्याला दुसरा साक्षीदार नाही. भारतीय तत्त्वज्ञानात स्वप्नाला प्रमाण मानायचे की नाही यावर पुष्कळ वाद झाले आहेत. जागेपणी ज्याचा बाध होतो ते खोटे, असे वेदान्ती म्हणतो. बहिणाबाई या वादात पडत नाही. तिची कसोटी वेगळी आहे. स्वप्नातून उठल्यावर जे उरले ते टिकले का, एवढेच ती पाहते. मंत्र टिकला, ओढ टिकली, अभंग सुचू लागले; म्हणून ते खरे. स्वतःच्या आत घडलेल्या गोष्टीची साक्ष देण्याचा अधिकार आपल्यालाच आहे, हा दावा तिने कुठेही सिद्धांत म्हणून मांडलेला नाही. पण तिचे सगळे आत्मनिवेदन त्याच्यावरच उभे आहे, आणि तिच्या आत्मशोधाचे मर्म शोधायचे तर ते इथे आहे. घर, नवरा, नाव यांतले काहीही न बदलता तिने एक गोष्ट आपल्याकडे घेतली: आपल्याला काय झाले हे सांगण्याचा शेवटचा शब्द.

रत्नाकरच्या बाजूनेही विचार केला पाहिजे. तो वेदपाठी ब्राह्मण, परगावात दुसऱ्याच्या आश्रयाने राहणारा. त्याची पोटापाण्याची सारी भिस्त त्याच्या शुद्धतेच्या नावलौकिकावर. त्याची बायको शूद्राला गुरू मानते म्हटल्यावर दक्षिणा देणारे हात आखडणार. शिवाय लोक तिच्या दर्शनाला येऊ लागले होते आणि घरचा विद्वान बाजूला पडला होता. मत्सर होता, भीती होती, आणि आपण शास्त्राला धरून आहोत ही खात्रीही होती. तीन महिन्यांच्या गरोदर बायकोला सोडून निघून जायचे त्याने ठरवले.

या टप्प्यावर बहिणाबाईने जे अभंग रचले त्यांनी आधुनिक वाचकाला सर्वांत जास्त अडचणीत टाकले आहे. त्यांत ती पतिव्रताधर्माची बाजू घेते. पती रागावून गेला तर दगडाचा विठोबा घेऊन काय करायचे आणि स्वप्नातल्या तुकोबाचे काय करायचे, असा तिचा सूर आहे. नवऱ्याची सेवा हाच आपला देव, हे ती एकदा नव्हे, वारंवार म्हणते. काही अभ्यासक यात माघार पाहतात. काही म्हणतात की हा काळाने घातलेला मुखवटा. परंपरेतले कीर्तनकार मात्र हेच अभंग पतिव्रतेचा आदर्श म्हणून पुढे करतात. तिन्ही वाचने थोडी थोडी खरी आहेत, पण अभंगांचा क्रम लक्षात घेतला तर वेगळे काही दिसते. ही भाषा येते ती सोडून दिले जाण्याच्या भीतीत, पोटात मूल असताना, परक्या गावात. सतराव्या शतकात टाकलेल्या ब्राह्मण बाईपुढे कोणते मार्ग होते, याची कल्पना करणे अवघड नाही. आणि तरीही, नवऱ्याला देव म्हणणाऱ्या या अभंगांखाली नाममुद्रा तिची स्वतःची आहे. ती नवऱ्याला शरण जाते, पण शरण जायचे की नाही याचा खल ती उघडपणे, स्वतःशी, अभंगात करते. ज्या बाईला आपले मन नाही असे शास्त्र धरून चालते, तिने आपल्या मनातल्या वादाच्या दोन्ही बाजू लिहून ठेवणे हीच शास्त्राच्या गृहीताला लागलेली चूड आहे.

निघण्याच्या वेळीच रत्नाकर तापाने अंथरुणाला खिळला. महिनाभर औषध लागू पडेना. बायकोने सेवा केली. तुकोबांची निंदा केल्यामुळे हे झाले असे त्याच्या मनाने घेतले. एका वृद्ध ब्राह्मणाच्या रूपात आलेल्या कुणीतरी त्याला विचारले की बायकोचा त्याग कशासाठी, असे आत्मनिवेदन सांगते. तो बरा झाला आणि बदलला. सासू-सासऱ्यांसह सारे कुटुंब देहूला निघाले. रत्नाकरचे हे मनःपरिवर्तन भक्तिसाहित्याच्या रिवाजाला धरूनच आहे. मात्र एक फरक ध्यानात घ्यावा. सामान्यतः अशा कथांत विरोधकाला संत भेटतो आणि तो वाकतो. इथे तुकोबा अजून भेटायचे आहेत. त्याला वाकवले ते आजाराने आणि बायकोच्या सेवेने.

देहूत त्यांनी तुकोबांना प्रत्यक्ष पाहिले. कोंडाजीपंत नावाच्या गृहस्थांनी जेवणाची सोय केली. मंबाजी गोसावी या मठवाल्याने आपणच यांचा गुरू व्हावे म्हणून गळ घातली. आमचे गुरू तुकोबा, असे उत्तर मिळताच तो चिडला. ब्राह्मण शूद्राच्या पाया पडतात, धर्म बुडतो आहे, अशी तक्रार त्याने पुण्याला पाठवली. या कुटुंबाची गाय त्याने बांधून बदडली आणि त्या माराचे वळ तुकोबांच्या पाठीवर उठले, ही हकीकत बहिणाबाईचीच. तुकोबांना डोळ्यांनी पाहून लिहिणारे साक्षीदार मोजके आहेत, त्यांत ती आहे. तुकोबांच्या चरित्राचा अभ्यासक तिच्याकडे वळतो तो यासाठी, आणि त्या नादात तिचे स्वतःचे चरित्र अनेकदा तळटीप होऊन राहते. देहूत तिला मुलगी झाली, नाव काशी. पुढे मुलगा विठोबा. फाल्गुन वद्य द्वितीयेला तुकोबा गेले तेव्हा ती जेमतेम एकवीस-बावीस वर्षांची होती. त्यानंतरची पन्नास वर्षे तिने काढली, शेवटची शिऊरात.

बाईपणाविषयीचे तिचे अभंग वाचताना तिच्या मनातली तेढ स्पष्ट दिसते. वेद आणि पुराणे बाईच्या देहात काही भले नाही असे ओरडून सांगतात, आणि मी त्याच देहात जन्मले, तर मला परमार्थ कसा साधणार, हा तिचा सवाल आहे. वेदाचा उच्चार बाईला वर्ज्य, ओंकार वर्ज्य, संन्यास वर्ज्य. देह परक्याच्या ताब्यात. असे असताना आत्मा मुक्त आहे हे वाक्य तिने कोणत्या तोंडाने उच्चारायचे? ही तक्रार देवाकडे आहे, आणि देवाकडे असल्यामुळेच ती इतक्या मोकळेपणाने करता आली. जनाबाईने देवाला दळणकांडणात आणि शेणी वेचायला आपल्या बरोबरीने बसवले, म्हणजे बाईचे काम देवाला करायला लावले. बहिणाबाईचा देव तिच्या घरकामात येत नाही. तिच्याकडे देवाचे काम एकच, ऐकून घेणे.

तिच्या गाथेतला विचाराच्या दृष्टीने सर्वांत धारदार भाग म्हणजे वज्रसूचीचे मराठी रूप. ‘वज्रसूची’ म्हणजे हिऱ्याची सुई. हा छोटा संस्कृत ग्रंथ दोन रूपांत मिळतो. एक बौद्ध कवी अश्वघोषाच्या नावावर, दुसरे उपनिषद म्हणून. परंपरा ते शंकराचार्यांशी जोडते. प्रश्न एकच: ब्राह्मण कोणाला म्हणायचे? उत्तर शोधताना एकेक उमेदवार पुढे येतो आणि बाद होतो. जीव म्हणजे ब्राह्मण? तो तर किती देहांतून फिरतो, आणि सर्वांचा सारखाच. देह म्हणजे ब्राह्मण? सर्वांचा देह त्याच पाच भूतांचा. शिवाय देह ब्राह्मण असता तर मेलेल्या बापाला अग्नी देणाऱ्या मुलाला ब्रह्महत्या लागली असती. जन्म म्हणजे ब्राह्मण? मग ऋष्यशृंग हरिणीचा, व्यास कोळ्याच्या मुलीचा, वसिष्ठ उर्वशीचा, अगस्त्य तर घागरीतला. ज्ञान, कर्म, दानधर्म हेही टिकत नाहीत, कारण ते क्षत्रियांत आणि इतरांतही सापडतात. शेवटी उरतो तो आत्म्याचा प्रत्यक्ष अनुभव घेतलेला माणूस. तोच ब्राह्मण.

एका ब्राह्मण बाईने, शूद्र गुरूच्या शिष्येने, वैदिक नवऱ्याच्या घरात बसून हा युक्तिवाद मराठी अभंगांत आणावा, याचे महत्त्व पुरेसे ओळखले गेलेले नाही. तिच्यासाठी हा पुस्तकी विषय नव्हता. रत्नाकरचा आक्षेप, मंबाजीची तक्रार, लोकांची कुजबुज या सर्वांच्या मुळाशी हाच प्रश्न होता. तुकोबा शूद्र असतील तर तिचा अनुभव अशुद्ध. तुकोबा खऱ्या अर्थाने ब्राह्मण असतील तर तिचे काही चुकलेले नाही. वज्रसूचीने तिने आपल्या गुरूला सोडवले आणि त्याबरोबर स्वतःलाही.

पण याच ठिकाणी तिच्या विचाराची मर्यादाही आहे, आणि ती झाकण्याचे कारण नाही. वज्रसूचीत ‘ब्राह्मण’ या शब्दाच्या जागी ‘स्त्री’ ठेवून पाहिले तर युक्तिवाद तसाच चालतो. जीव स्त्री आहे? नाही, तो या जन्मी बाईच्या देहात, पुढल्या जन्मी आणखी कशात. देह स्त्री आहे? मग देह जळल्यावर बाईपण जळते आणि आत्म्याला त्याचा डाग लागत नाही. जन्माने अधिकार ठरत नसेल तर वेदाचा अधिकार बाईला का नाही? हिऱ्याची सुई हातात होती. बहिणाबाईने ती जातीला टोचली, बाईपणाला टोचली नाही. तिथे ती पुन्हा तक्रारीकडे आणि पतिव्रताधर्माकडे वळते. याचे एक कारण उघड आहे. जातीच्या प्रश्नावर तिच्यामागे तुकोबा होते, वारकऱ्यांचा मेळा होता, चोखोबांपासूनची परंपरा होती. बाईपणाच्या प्रश्नावर तिच्यामागे कोणीच नव्हते. दुसरे कारण जास्त खोल असावे. जात नाकारून तिला रोजच्या जगण्यात गुरू मिळाला. बाईपण नाकारून मिळणार होते ते घराबाहेरचे जग, आणि अक्कमहादेवीने पत्करले तसले जगणे तिला नको होते. तिचा शोध घर टिकवून चालला होता. ज्याला घर टिकवायचे आहे त्याला घराच्या पायाला सुई लावता येत नाही.

आत्मनिवेदनाचा शेवटचा भाग तिने मरणाच्या सुमारास मुलाला सांगितला. विठोबा तेव्हा आपल्या बायकोच्या उत्तरकार्यासाठी परगावी गेलेला. आईने निरोप पाठवून त्याला बोलावून घेतले आणि आपल्या आधीच्या बारा जन्मांची कथा सांगितली, हा तेरावा. पुनर्जन्माचा सिद्धांत बायकांना बहुतेक वेळा शिक्षा म्हणून ऐकवला जातो: पूर्वी पाप केले म्हणून बाई झालीस. बहिणाबाई तोच सिद्धांत उलट दिशेने वापरते. तिच्या कथेत मागचे जन्म ही साधनेची सलग वाटचाल आहे. रत्नाकर पाठकची बायको ही तिची ओळख या लांब वाटेवरचा एक मुक्काम ठरतो. मुलाशी तिचे नाते मात्र ती मागच्या जन्मांतही दाखवते. नवऱ्याच्या वंशात आलेल्या मुलाला आपल्या साधनेच्या वंशात ओढून घेण्याची ही रीत आहे, आणि ती मोठ्या हुशारीची आहे.

आत्मनिवेदन वाचताना एक सावधगिरी हवी. आपल्यापुढे येणारी तरुण मुलगी ही एका म्हाताऱ्या, मान्यता पावलेल्या संतस्त्रीने आठवलेली मुलगी आहे. मध्ये कित्येक दशके गेली. तुकोबांचे माहात्म्य वाढले होते, मंबाजी पराभूत झाला होता, रत्नाकर शिष्य बनला होता. शेवट माहीत असलेल्याने सांगितलेली सुरुवात नेहमी थोडी सरळ होते. तरीही मार, भूक, नवरा सोडून जाण्याची भीती आणि मरणाऱ्या वासराजवळची मुलगी हे सारे तिने तसेच राहू दिले. संतपदाला शोभेल असे रंगवायचे असते तर यांतले बरेच गाळता आले असते.

आश्विन शुद्ध प्रतिपदेला, शके १६२२ मध्ये शिऊरला तिचे निधन झाले. समाधी तिथेच आहे. १९२९ मध्ये जस्टिन अ‍ॅबट यांनी तिच्या अभंगांचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला आणि महाराष्ट्राबाहेरच्या अभ्यासकांना ती कळली. मराठवाड्यात ती त्याआधीपासून आणि वेगळ्या वाटेने पोचलेली आहे. नायगाव, मुखेड, अहमदपूर अशा भागांतल्या गावागावांत अखंड हरिनाम सप्ताह बसतो. ज्ञानेश्वरीचे पारायण, दुपारी बायकांचे भजन, रात्री कीर्तन, काल्याच्या दिवशी महाप्रसाद. वारकरी संप्रदाय म्हणजे एक देऊळ, त्याचा पाया ज्ञानदेवांनी रचला आणि कळस तुकोबा झाले, ही कल्पना त्या कीर्तनांतून सगळ्यांना पाठ असते. ती बहिणाबाईची आहे हे फार थोड्यांना ठाऊक असते. संप्रदायाचा इतिहास एका अभंगात बांधणारी बाई त्या इमारतीत स्वतःसाठी खांब किंवा पायरी यांपैकी काहीच मागत नाही, हेही त्या अभंगाबद्दल सांगण्यासारखे आहे.

तिने हाती घेतलेल्या या दोन धाग्यांपैकी जातीचा धागा आधी उचलला गेला. १८३९ मध्ये लान्सलॉट विल्किन्सन यांनी अश्वघोषाच्या नावावरची वज्रसूची छापली. सुबाजी बापू या ब्राह्मण पंडिताचे खंडन सोबत जोडल्याशिवाय ती छापता आली नाही, यावरून तिची धार अजून किती ताजी होती ते कळते. १८६१ मध्ये तुकारामतात्या पडवळ यांचा ‘जातिभेद विवेकसार’ निघाला. त्याची दुसरी आवृत्ती १८६५ मध्ये जोतीराव फुल्यांनी काढली. बाईपणाच्या धाग्याला आणखी थोडा वेळ लागला. सुरतेच्या विजयालक्ष्मी या तरुण विधवेवरचा भ्रूणहत्येचा खटला १८८१ मध्ये गाजला आणि वर्तमानपत्रांनी सगळ्या स्त्रीजातीला नावे ठेवायला सुरुवात केली. तेव्हा बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिली. पतीला देव मानायचे असेल तर पतीने देवासारखे वागायला नको का, हा त्यांचा मुद्दा. पोथ्यांतल्या देवांच्या वर्तनाचाही त्यांनी हिशेब मागितला. बहिणाबाईने जी तक्रार विठ्ठलाकडे नेली होती, ती ताराबाईंनी थेट पुरुषांपुढे मांडली.